रक्तस्राव आणि वेळेचे मोल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



वैद्यकशास्त्राच्या प्रगतीचा विषय निघाला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रचंड यंत्रे, लखलखीत शस्त्रक्रियागृहे आणि लाखो रुपयांची देयके उभी राहतात. ही प्रगती खरी आहे आणि तिचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. तथापि अपघात विभाग, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग या तीन ठिकाणी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे संशोधन झाले, त्यातील एक अत्यंत मोलाचा धडा एका स्वस्त, जुन्या आणि फारशा परिचित नसलेल्या औषधाने दिलेला आहे. रक्तस्रावाने माणूस दगावू नये यासाठी औषधाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व वेळेला आणि मोजमापाला आहे, हा तो धडा होय. रुग्ण डॉक्टरांपर्यंत किती लवकर पोहोचतो हे पुष्कळदा डॉक्टरांच्या हाती नसते, आसपासच्या माणसांच्या हाती असते. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकीय परिषदेचा न राहता समाजाच्या व्यासपीठावर येणे उचित ठरते.

शरीरातील वीण आणि उसवण

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे पाच लिटर रक्त असते. त्यातील दोन लिटर झपाट्याने वाहून गेले तर प्राण धोक्यात येतात. हे टाळण्यासाठी निसर्गाने शरीरातच एक व्यवस्था करून ठेवली आहे. रक्तवाहिनी फाटताच रक्तातील अतिसूक्ष्म कण तेथे गोळा होतात आणि फायब्रिन नावाच्या तंतूंचे घट्ट जाळे विणले जाते. या जाळ्यात रक्तपेशी अडकतात, गुठळी बनते आणि छिद्र बुजते.

परंतु गुठळी कायमची राहिली तर तीच रक्तप्रवाहाला अडथळा ठरेल. म्हणून काम संपल्यावर ही वीण उसवण्याची व्यवस्थाही शरीरात आहे. हे उसवण्याचे काम प्लाझ्मिन नावाचा घटक करतो. एरवी विणणे आणि उसवणे या दोन क्रियांचा समतोल राहतो. मोठ्या अपघातात किंवा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात मात्र हा समतोल बिघडू शकतो. जखम बुजण्यापूर्वीच उसवण सुरू होते, एकीकडे जाळे विणले जात असताना दुसरीकडे ते विरघळू लागते आणि रक्त थांबता थांबत नाही.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध नेमके या ठिकाणी काम करते. ते नवी गुठळी बनवत नाही. तयार झालेली वीण उसवू न देणे एवढेच त्याचे कार्य आहे. प्लाझ्मिन ज्यापासून तयार होते तो घटक फायब्रिनच्या तंतूंना ज्या खाचांनी चिकटतो, त्या खाचा हे औषध आधीच भरून टाकते. ती पकडच मिळाली नाही की उसवण मंदावते. कार्य इतके साधे असले तरी त्याचे मोल जगाला उमगायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

टोकियोतील एक प्रयोगशाळा

या औषधाचा शोध जपानमध्ये लागला. डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती डॉ. शोसुके ओकामोतो या दांपत्याने टोकियोच्या केओ विद्यापीठात हे संशोधन केले. उताकोबाईंचा जन्म १९१८ सालचा. १९४१ मध्ये त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपान उद्ध्वस्त झालेला होता आणि संशोधनासाठी निधी मिळणे दुरापास्त होते. रक्तावर संशोधन करण्याचे एक कारण असे होते की रक्त मिळवायला खर्च लागत नाही. कमी पडलेच तर स्वतःचे वापरता येते! तान्ह्या मुलीला पाठुंगळी बांधून या बाई प्रयोगशाळेत काम करीत असत.

या दांपत्याने आधी एका सौम्य औषधावर काम केले. पुढे त्याहून कैक पटींनी प्रभावी असलेले ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड त्यांना सापडले आणि १९६२ मध्ये त्याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर रक्तस्रावाने मरणाऱ्या मातांचे प्राण या औषधाने वाचावेत, ही उताकोबाईंची तळमळ होती. परंतु तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांना प्रसूतीच्या रुग्णांवर याची चाचणी घेण्यास त्या राजी करू शकल्या नाहीत. पुढे हे औषध मासिक पाळीतील अतिस्राव आणि दात काढतानाचा रक्तस्राव अशा कामी वापरले जाऊ लागले. आपल्याकडील कित्येक भगिनींना त्याच्या गोळ्या परिचित असतील. मोठ्या अपघातातील आणि बाळंतपणातील प्राणघातक रक्तस्रावासाठी त्याचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न मात्र दशकानुदशके अनुत्तरित राहिला.

विश्वास पुरेसा नाही, कसोटी हवी

एखादे औषध गुणकारी वाटते म्हणून ते का देऊ नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या एका कटू अनुभवात आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांना स्टिरॉइड देण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. मेंदूची सूज उतरावी, हा त्यामागील हेतू सर्वथा शुद्ध होता. क्रॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत १०,००८ रुग्णांची काटेकोर तपासणी झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. दोन आठवड्यांत दगावलेल्यांचे प्रमाण स्टिरॉइड घेतलेल्यांत सुमारे २१ टक्के, तर न घेतलेल्यांत सुमारे १८ टक्के होते. म्हणजे ज्या उपचाराने जीव वाचतो असे मानले जात होते, तोच उपचार जीव घेत होता.

तेव्हापासून ‘आधी कसोटी, मग प्रथा’ हा आग्रह अधिक दृढ झाला. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील डॉ. इयान रॉबर्ट्स, हलीमा शकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची अशीच कसोटी घेण्याचे ठरविले. ही क्रॅश-२ चाचणी होय. ४० देशांतील २७४ रुग्णालये तिच्यात सहभागी झाली. त्यांत भारतातील रुग्णालयेही होती. एकूण २०,२११ अपघातग्रस्तांची चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला औषध आणि दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे परंतु औषध नसलेले द्रव देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. त्यामुळे आपुलकी, आशा किंवा पूर्वग्रह यांचा निकालावर परिणाम होण्यास वाव उरला नाही.

२०१० मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते, तर मिळालेल्यांत १४.५ टक्के. फरक लहान वाटतो. पण हिशेब मांडला तर हजार जखमींमागे १५ जीव वाचले असा त्याचा अर्थ होतो, तेही कोणत्याही मोठ्या यंत्राविना आणि अल्प खर्चात. गुठळ्या अडकून होणारे अपाय या औषधाने वाढतील ही भीती होती, परंतु या चाचणीत तसे आढळले नाही. दुसऱ्याच वर्षी, २०११ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने अपघातातील रक्तस्रावासाठी या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. शोध लागल्यापासून या दिवसापर्यंत ४९ वर्षे लोटली होती.

तीन तासांची मर्यादा

या संशोधनाचा खरा गाभा पुढेच आहे. त्याच रुग्णांची माहिती वेळेनुसार वेगळी करून पाहिली असता जे दिसले, त्याने तज्ज्ञही चकित झाले. ज्यांना अपघातानंतर एका तासाच्या आत औषध देण्याची वेळ साधली, त्यांच्यात रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. एक ते तीन तासांच्या दरम्यान हे प्रमाण ६.१ वरून ४.८ टक्के झाले. मात्र तीन तास उलटून गेल्यावर चित्र पालटले. तेथे औषध न घेतलेल्यांत ३.१ टक्के मृत्यू होते, तर घेतलेल्यांत ४.४ टक्के.

औषध तेच, मात्रा तीच आणि देणारे डॉक्टरही तेच होते. केवळ घड्याळाचा काटा पुढे सरकला आणि उपकारक औषध अपायकारक ठरण्याची शक्यता निर्माण झाली. पुढे २०१८ मध्ये ४०,१३८ रुग्णांची माहिती एकत्र अभ्यासण्यात आली. त्यातून असे दिसले की उपचाराला होणाऱ्या प्रत्येक १५ मिनिटांच्या विलंबामागे औषधाचा लाभ साधारण १० टक्क्यांनी घटतो आणि तीन तासांनंतर लाभ उरत नाही. रुग्णवाहिका कोणी बोलवायची, गाडीत कोणी घालायचे, पोलीस येईपर्यंत थांबायचे की नाही, या चर्चेत जी १५ मिनिटे जातात, त्यांची किंमत या आकड्याने आपल्यासमोर मांडली आहे.

माता आणि मोजमाप

उताकोबाईंच्या मनातील मूळ प्रश्न प्रसूतीचा होता. त्याचे उत्तर ‘वुमन’ या नावाच्या चाचणीने दिले. २१ देशांतील १९३ रुग्णालयांत प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या २०,०६० स्त्रिया तिच्यात सहभागी होत्या. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या मातांत रक्तस्रावाने मृत्यू होण्याचे प्रमाण १.७ वरून १.२ टक्के झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात हे औषध तीन तासांच्या आत देण्याची शिफारस केली. हा निकाल पाहण्यास उताकोबाई मात्र राहिल्या नव्हत्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पण येथे आणखी एक अडचण उभी राहते. औषध वेळेवर द्यायचे तर रक्तस्राव अधिक होत आहे हे वेळेवर कळले पाहिजे. बाळंतपणात काही रक्त जाणे स्वाभाविकच असते. ते कधी मर्यादेबाहेर गेले याचा निर्णय पिढ्यानपिढ्या नजरेच्या अंदाजाने होत आला, आणि अंदाज फसतो. या प्रश्नावरील महत्त्वाचे काम आपल्या शेजारीच, बेळगावात झाले, याचा सर्वांना अभिमान वाटावा. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह प्लास्टिकची एक साधी चादर उपयोगात आणली. ती प्रसूतीनंतर मातेच्या खाली पसरायची. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. वाहणारे रक्त पिशवीत जमा होते आणि किती गेले ते आकड्यात दिसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले की नजरेचा अंदाज या चादरीतील मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो. अनुभवी माणसाच्याही हिशेबात एक तृतीयांश रक्त सुटून जात होते.

त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील १,६२० स्त्रियांच्या चाचणीचा निकालही प्रसिद्ध झाला. खेड्यातील परिचारिकांनी प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या असता रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. तेथेही मोजमाप याच चादरीने झाले होते.

मोजमापाच्या या विचाराला २०२३ मध्ये मोठी पुष्टी मिळाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर ई-मोटिव्ह नावाची चाचणी झाली. मापाच्या खुणा असलेली चादर वापरायची आणि रक्तस्राव ठरावीक मापाबाहेर जाताच सर्व उपचार एकाच वेळी सुरू करायचे, अशी पद्धत निम्म्या रुग्णालयांत घालून दिली. गर्भाशय चोळणे, ते आकुंचन पावण्याची औषधे, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि कारणाचा शोध, हे ते उपचार. एकाने गुण येतो का ते पाहायचे आणि मगच दुसरा करायचा, ही जुनी रीत सोडून दिली. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत रक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या स्त्रियांचा रक्तस्राव वेळेत ओळखला गेला होता. नव्या पद्धतीत हे प्रमाण ९३ टक्के झाले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा त्यातून होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यात कोणतेही नवे औषध नव्हते. जे होते तेच मोजून आणि वेळेत वापरले गेले.

शस्त्रक्रियागृहात

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांतही रक्तस्राव ही एक प्रमुख चिंता असते. हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांसाठी २२ देशांतील ११४ रुग्णालयांत पॉइज-३ ही चाचणी झाली. तिच्यातील ९,५३५ रुग्णांचा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आरंभी आणि अखेरीस हे औषध दिले असता गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्के झाले. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तक्रारींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते. तरी ते पूर्णतः सुरक्षित असल्याचे ठरविलेल्या निकषावर सिद्ध झाले नाही, असे संशोधकांनी प्रांजळपणे नोंदविले. त्यामुळे कोणत्या रुग्णाला द्यायचे हा निर्णय शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांनीच घ्यायचा असतो.

औषधाच्या मर्यादा

एखाद्या औषधाचे यश ऐकले की ते सर्व दुखण्यांवर चालेल असे वाटू लागते. येथेही संशोधनाने वेळीच लगाम घातला. जठर व आतड्यातील रक्तस्रावावर हे औषध द्यावे की नाही याची हॉल्ट-इट ही चाचणी १२,००९ रुग्णांवर झाली. २०२० मधील निकालानुसार मृत्यूच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही. उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचे प्रमाण ०.४ वरून ०.८ टक्के झाले. डोक्याच्या दुखापतींवरील क्रॅश-३ या २०१९ मधील चाचणीत सौम्य व मध्यम इजा असलेल्यांना लवकर उपचाराचा लाभ दिसला, अतितीव्र इजेत तो दिसला नाही.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीत रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच औषध सुरू करून पाहणाऱ्या पॅच या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. तीव्र जखमींपैकी २८ दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण औषधाच्या गटात १७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात २१.८ टक्के होते. मात्र सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ५४ टक्के निघाले. जीव वाचणे आणि पुन्हा पूर्वीसारखे हिंडू-फिरू लागणे यांत अंतर आहे, हे त्यावरून ध्यानी येते.

सारांश, हे औषध संजीवनी नव्हे. ते रक्ताची जागा घेत नाही, फाटलेली मोठी रक्तवाहिनी शिवत नाही आणि घरी मनाने घेण्याचे तर ते मुळीच नाही. योग्य रुग्णाला योग्य वेळी योग्य हातांनी दिले तरच त्याचे मोल आहे.

आपल्या हाती काय आहे?

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र शासनाचा अहवाल सांगतो. यांतील प्रत्येकाला वाचविणे शक्य नव्हते, हे मान्य. तरीही ज्यांचे प्राण केवळ विलंबाने गेले, त्यांच्यासाठी समाज पुष्कळ काही करू शकतो.

पहिली गोष्ट प्रथमोपचाराची. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावे. थांबले का हे पाहण्यासाठी घडी सारखी उचलू नये. ती भिजली तर तिच्यावरच दुसरी घडी ठेवून दाब चालू ठेवावा. जखमेत काही रुतले असल्यास ते उपटू नये. अंगावर पांघरूण घालावे, कारण शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. तोंडाने काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण लगेच शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. आणि अपघात किती वाजता झाला ती वेळ ध्यानात ठेवून डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तीन तासांचा हिशेब त्या एका माहितीवर अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट भीतीची. ‘पोलिसांच्या लफड्यात कशाला पडा’ या एका वाक्याने आजवर किती प्राण घेतले असतील! जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून त्यासाठी कायदेशीर सोपस्कारांची वाट पाहू नये, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिला. मदत करणाऱ्या नागरिकाच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना न्यायालयाने २०१६ मध्ये कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलमच घालण्यात आले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ही माहिती घराघरांत आणि दुकानादुकानांत पोहोचली पाहिजे.

तिसरी गोष्ट पूर्वतयारीची. शस्त्रक्रिया ठरली की रक्त पातळ करणारी आणि इतर सर्व औषधे, आयुर्वेदिक काढे-गोळ्यांसह, डॉक्टरांना सांगावीत. ती आपल्या मनाने बंदही करू नयेत. गर्भवती लेकी-सुनांचे हिमोग्लोबिन वेळोवेळी तपासावे, कारण ज्या मातेच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला थोडा स्रावही सोसवत नाही. प्रसूती नेहमी सुसज्ज ठिकाणी व्हावी, आणि तेथे रक्तस्राव मोजण्याची काय व्यवस्था आहे हे विचारण्याचा संकोच बाळगू नये.

चौथी गोष्ट रक्तदानाची. कोणतेही औषध आले तरी रक्ताला पर्याय निघालेला नाही. संकटकाळी रक्तपेढीत रक्त तयार असणे, हीदेखील वेळेची बचतच आहे. आज शिबिरात दिलेली एक पिशवी उद्या एखाद्याची मोलाची मिनिटे वाचविते.

बंधू-भगिनींनो, एका जपानी विदुषीने तुटपुंज्या साधनांत शोधलेले औषध प्राणघातक रक्तस्रावासाठी मान्यता पावायला अर्धे शतक लागले. तो विलंब आता भरून येणार नाही. परंतु रस्त्यावर पडलेला जखमी आणि रुग्णालयाचे दार यांमधील विलंब कमी करणे आपल्या हाती आहे. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. दाबून धरणारा हात, लगेच केलेला एक दूरध्वनी आणि न घाबरणारे मन एवढे पुरते. या संस्थेच्या पुढील वाटचालीत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक माणूस प्रत्येक घरात तयार व्हावा, ही सदिच्छा.

जय जिनेंद्र.